जखमेची नोंद

महाराष्ट्रातील अनेक गावांत देवळाच्या आवारात, वेशीजवळ किंवा तळ्याच्या काठी वीरगळ उभे असतात. त्यांची रचना ठरावीक असते. खालच्या चौकटीत लढाई आणि वीराचे पतन, मधल्या चौकटीत अप्सरांच्या संगतीने त्याचे स्वर्गारोहण, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गुरे सोडवताना, गावाचे रक्षण करताना किंवा धन्यासाठी लढताना जो पडला त्याची स्मृती चंद्रसूर्य असेपर्यंत राहावी, असा त्या शिल्पाचा अर्थ आहे. या क्रमात एका माणसाला मात्र कोठेच स्थान नाही. तो लढला, कोसळला, पण मेला नाही. हात किंवा पाय गमावून, शरीरात शस्त्राची खूण घेऊन घरी परतलेल्या आणि पुढची तीस-चाळीस वर्षे गावातच जगलेल्या लढवय्यासाठी वीरगळात चौथी चौकट कोणी कोरली नाही. मृत्यूला शिल्प मिळाले, विजयाला पोवाडा मिळाला. जखमेचा प्रश्न तिच्या धन्याकडेच राहिला.

राजसत्तेच्या व्यवहारात मात्र या प्रश्नाची जाण जुनी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद याने लिहिलेल्या बखरीत अफझलखान प्रकरणानंतरच्या बक्षिसांची हकिगत येते. मेलेल्यांच्या मुलांना चाकरीत घ्यावे, मूल नसल्यास विधवेला निम्मे वेतन चालवावे आणि जखमींना जखमेच्या मानाने दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन द्यावेत, अशी ती व्यवस्था होती. १६५९ च्या नोव्हेंबरातील त्या प्रसंगाचे वर्णन वाचताना लक्ष जाते ते भेटीच्या नाट्याकडे. या चार आकड्यांकडे क्वचितच कोणी पाहते. वस्तुतः त्यांत एक पूर्ण राज्यविचार सामावलेला आहे. जखम पाहिली गेली, तिचे मान ठरवले गेले आणि लढाईची धूळ खाली बसण्याच्या आत तिची किंमत चुकती झाली. जखमी माणसाला आपली जखम सिद्ध करीत हिंडावे लागले नाही.

आधुनिक काळात सैन्ये लाखांची झाली आणि पाहणारा व देणारा यांच्यामध्ये कागद आला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने १९१६ मध्ये जखमी सैनिकाच्या बाहीवर एक पितळी पट्टी लावण्याची पद्धत सुरू केली. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन याने ७ ऑगस्ट १७८२ रोजी सामान्य शिपायाच्या कर्तृत्वासाठी जांभळ्या कापडाचे बदामाच्या आकाराचे चिन्ह निर्माण केले होते. ते दीडशे वर्षे विस्मृतीत पडले आणि वॉशिंग्टनच्या द्विशताब्दीला, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, ‘पर्पल हार्ट’ या नावाने पुन्हा सुरू झाले. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्यांना ते मिळू शके, परंतु त्यासाठी जखमेच्या दाखल्यासह अर्ज करावा लागे. युद्ध संपून तेरा-चौदा वर्षे लोटल्यावर माजी सैनिक आपापले कागद शोधू लागले. मागाहून मिळणाऱ्या मान्यतेचा हा प्रकार जगभर सारखाच आहे. राज्य जेव्हा चौकट तयार करते तेव्हा तिच्यात बसणारा माणूस पुष्कळदा म्हातारा झालेला असतो.

भारतातही हेच घडले. युद्धात विकलांग झालेल्या शिपायांना काम शिकविण्यासाठी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये मुंबईत ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ ही संस्था निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. उपचार आणि उदरनिर्वाह यांची सोय अशा रीतीने झाली, पण जखमेला जखम म्हणून मान देणारे चिन्ह स्वतंत्र भारतात १९७३ पर्यंत नव्हते. त्या वर्षी राष्ट्रपतींनी जखम पदक स्थापन केले. आज ते ‘पराक्रम पदक’ या नावाने ओळखले जाते. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्यांना ते दिले जाते आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतरच्या सर्व जखमा त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे १९४७-४८ चे काश्मीर, १९६२ चा हिमालय, १९६५ चा पंजाब आणि १९७१ ची दोन्ही आघाड्यांवरची लढाई या साऱ्यांचे रक्त सांडून गेल्यानंतर हे पदक आले. शौर्यपदके आधीपासून होतीच. तथापि शौर्यपदक कृतीला मिळते. जखम ही माणसाने केलेली कृती नव्हे. ती त्याच्यावर येऊन पडते. खंदकातून झेप घेणाऱ्या शिपायाची शिफारस त्याचा अधिकारी करू शकतो. छावणीत उभे असताना वरून गोळ्यांचा वर्षाव झालेल्या कारागिराची शिफारस कोणत्या शब्दांत करायची, हा प्रश्नच असतो.

जखमेच्या नोंदीला दोन गोष्टी लागतात. एक साक्ष आणि दुसरी वर्गवारी. जखम कशी झाली हे सांगणारा कोणी हवा, आणि ती ज्या रकान्यात लिहायची तो रकाना दफ्तरात हवा. यांपैकी एकही नसले की जखमी माणूस अडतो. साक्षीच्या अभावाचे उदाहरण ज्या भूमीने पाहिले ती आज गुरुग्राम या नावाने ओळखली जाते. २०१६ पर्यंत गुडगाव म्हटले जाणारे हे शहर आता काचेच्या मनोऱ्यांसाठी आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी गुडगाव, रेवाडी, महेंद्रगड हा अहिरवालाचा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या सैन्याला माणसे पुरवीत आला. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकाला या गावांची ओळख पटायला वेळ लागणार नाही. घरटी एक फौजी, पेन्शनीची वाट पाहणारी घरे आणि भिंतीवर गणवेशातला फोटो, हे चित्र दोन्हीकडे सारखेच आहे.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील चुशूलजवळ रेझांग ला या खिंडीवर १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली उभी होती. सुमारे १२० जवानांची ही कंपनी जवळजवळ सर्वस्वी अहिरवालातील अहिरांची होती. तिच्या आणि भारतीय तोफखान्याच्या मध्ये डोंगर होता, त्यामुळे तोफांचे साहाय्य मिळण्याची शक्यता नव्हती. चिनी हल्ल्यात शंभराहून अधिक जवान पडले. जे थोडे जखमी अवस्थेत खाली पोहोचले, किंवा पकडले जाऊन परत आले, त्यांनी जे घडले ते सांगितले. परंतु अख्खी कंपनी अखेरच्या गोळीपर्यंत जागची हलली नाही, या त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते. पराभवाच्या त्या दिवसांत जिवंत परतणे हेच संशयास्पद ठरले होते. अंगावरची जखम साक्ष म्हणून पुरेशी ठरली नाही. १९६३ च्या फेब्रुवारीत बर्फ ओलांडून पथक तेथे गेले तेव्हा खंदकांत गोठलेले देह सापडले, कित्येकांच्या हातांत शस्त्रे होती. मृतांनी जिवंतांच्या बाजूने साक्ष दिली. मेजर शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले आणि कंपनीच्या वाट्याला आठ वीरचक्रे आली. देह सापडले नसते तर त्या जखमी जवानांचे म्हणणे कोणत्या दफ्तरात पडून राहिले असते, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

दुसऱ्या अडचणीचे, म्हणजे वर्गवारीच्या अभावाचे, सर्वांत लांबलेले उदाहरण महाराष्ट्रातले आहे. मुरलीकांत राजाराम पेटकर हे सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरजवळच्या पेठचे. कृष्णा-वारणेच्या या टापूत तालीम हे मुलांच्या वाढीचे स्वाभाविक ठिकाण असते, आणि पेटकरही कुस्तीच्याच मातीत वाढले. कुमारवयातच ते सैन्यात दाखल झाले. ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स’ या दलात क्राफ्ट्समन, म्हणजे यंत्रांची दुरुस्ती करणारा कारागीर, हा त्यांचा हुद्दा होता. सैन्यात त्यांनी मुष्टियुद्धात नाव मिळवले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात सियालकोट आघाडीवर हवाई हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात जाऊन बसली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियोद्ध्याचे पाय गेले.

कण्याच्या जखमेला त्या काळी काय अर्थ होता हे समजून घेतल्याखेरीज पुढचे आकलन होत नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कण्याला गोळी लागलेला सैनिक बहुधा फार दिवस जगत नसे. अंथरुणाला खिळल्याने होणारे व्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्याचा बळी घेत. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू मज्जाशल्यविशारद लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात अशा सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवणे, स्वच्छता राखणे आणि त्याला कामाला व खेळाला लावणे, ही त्यांची पद्धत होती. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्‌घाटन होत असतानाच, रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोळा माजी सैनिक स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा त्यांनी भरवली. आज ज्याला पॅरालिंपिक म्हणतात त्याचा उगम तेथे आहे. १९६० मध्ये रोम येथे या स्पर्धेने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिकचे शहर गाठले. १९७२ पर्यंत ती मुख्यत्वे कण्याला इजा झालेल्यांचीच स्पर्धा होती. या क्रीडाप्रकाराचा जन्म क्रीडांगणात झाला नाही. युद्धाच्या जखमेवरील उपचार म्हणून तो रुग्णालयात जन्मला.

पेटकरांच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. मुंबईत कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि व्यायामोपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. पाण्यात शरीराचे वजन हलके होते आणि ज्याचे पाय चालत नाहीत त्याला दंड व खांदे यांच्या बळावर पुढे सरकता येते. पैलवानाच्या आणि मुष्टियोद्ध्याच्या खांद्यांत ते बळ होते. १९६८ मध्ये तेल अवीव येथील स्पर्धेत भारताने प्रथमच भाग घेतला. पेटकर तेथे टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या अपंगसाहाय्य संस्थेचे पाठबळ त्यांना या काळात मिळाले. लष्करी सेवा सुटल्यावर पुण्यात टेल्को कारखान्यात त्यांनी नोकरी केली. सैन्यातून निवृत्त झालेला जखमी माणूस, दिवसा कारखान्यात काम आणि उरलेल्या वेळात तलाव, असे ते आयुष्य होते.

१९७२ चे ऑलिंपिक म्युनिकला होते. तेथील क्रीडाग्राम खासगी निवासासाठी द्यायचे असल्याने अपंगांच्या स्पर्धा हायडेलबर्ग येथे, २ ते ११ ऑगस्ट या काळात, ऑलिंपिकच्या आधीच झाल्या. तेथे ५० मीटर मुक्तशैली पोहण्याच्या शर्यतीत, आपल्या वर्गात, पेटकरांनी ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक जिंकले. ती वेळ जागतिक विक्रमाची होती. भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत या आणखी तीन प्रकारांत त्यांनी अंतिम फेरी गाठली. काही आठवड्यांनी म्युनिकमध्ये भारताला हॉकीत कांस्यपदक मिळाले. त्या ऑलिंपिकमधील भारताचे ते एकमेव पदक. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळण्यासाठी भारताला २००८ मध्ये बीजिंग येथे अभिनव बिंद्रापर्यंत थांबावे लागले. पॅरालिंपिकमधले दुसरे वैयक्तिक सुवर्ण २००४ मध्ये अथेन्सला देवेंद्र झाझरिया यांनी भालाफेकीत मिळवले. हायडेलबर्गचा तो अर्धा मिनिट आणि काही सेकंद या देशाच्या क्रीडेतिहासात बत्तीस वर्षे एकाकी राहिला.

या एकाकीपणाचे कारण मत्सर किंवा दुष्टावा यांत शोधण्याचा मोह होतो, परंतु ते स्पष्टीकरण अपुरे आहे. सरकारी व्यवहारात पेटकरांच्या दोन ओळखी होत्या आणि त्या दोन वेगवेगळ्या खात्यांत होत्या. संरक्षण खात्याच्या दृष्टीने ते युद्धात जखमी होऊन सेवामुक्त झालेले जवान होते. पोहणे ही त्या खात्याच्या लेखी उपचाराची बाब होती. क्रीडा प्रशासनाच्या दृष्टीने खेळाडू म्हणजे धडधाकट शरीराचा माणूस, आणि अपंगांची स्पर्धा हे समाजकल्याणाचे काम. समाजकल्याणाच्या दृष्टीने ते साहाय्याला पात्र असलेले अपंग होते, आणि साहाय्याला पात्र असलेल्याला विक्रमवीर म्हणण्याची तेथे रीत नव्हती. प्रत्येक खाते आपापल्या रकान्यापुरते बरोबर होते. संपूर्ण माणूस मात्र एकाही रकान्यात मावत नव्हता. ज्या गोळीने त्यांना अपंग केले तिनेच त्यांना त्या स्पर्धेपर्यंत नेले होते. म्हणून जखम आणि पदक ही एकाच हकिगतीची दोन टोके होती, आणि दफ्तराने ती दोन कपाटांत ठेवली होती.

१९८२ मध्ये पेटकरांनी अर्जुन पुरस्कारासाठी केंद्र सरकारकडे मागणी केली. १९६१ पासून दिला जाणारा हा पुरस्कार आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील कामगिरीसाठी असतो. मागणी नाकारली गेली. नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्ली सजत होती ते हेच वर्ष. याच निमित्ताने केंद्रात स्वतंत्र क्रीडा विभाग स्थापन झाला. स्टेडियमे उभी राहत होती, रंगीत दूरदर्शन घरोघर जात होते आणि क्रीडा ही राष्ट्रीय प्रतिष्ठेची गोष्ट ठरत होती. त्या नव्या विभागाच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेत चाकाच्या खुर्चीला अद्याप जागा नव्हती. अपंग व्यक्तींसाठीचा समान संधीचा कायदा त्यानंतर तेरा वर्षांनी, १९९५ मध्ये आला. दिव्यांग खेळाडूंना अर्जुन पुरस्कार मिळू लागले तेही १९९० च्या दशकात. चौकट तयार झाली, पण ती पुढच्यांसाठी. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या विक्रमाकडे मागे वळून पाहण्याची तरतूद तिच्यात नव्हती.

या बाबतीत पेटकर एकटे नाहीत. पेठपासून फार दूर नसलेल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकात कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ मध्ये ते वारले आणि २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. कृष्णाकाठच्या दोन पैलवानांच्या वाट्याला एकच रीत आली. फरक इतकाच, की खाशाबांच्या बाबतीत विस्मरण झाले आणि पेटकरांच्या बाबतीत विचारणा झाली असताना नकार मिळाला. विस्मरणाला क्षमा असते. मागणारा दारात उभा असताना दिलेला नकार ही नोंदच असते, आणि तीही कधी दुरुस्त करावी लागते.

मागण्याचा हा प्रश्न जखमी सैनिकाच्या बाबतीत विशेष बोचरा होतो. मान मागून घ्यायचा नसतो, असा आपल्याकडे संस्कार आहे. वारकऱ्याने देवापुढे आणि शिपायाने धन्यापुढे हात पसरू नयेत, ही शिकवण घरात मिळते. म्हणून अर्ज करणारा माजी सैनिक लोकांना काहीसा खटकतो. एवढे झाले, आता कशाला पदकाचा हव्यास, असे त्याला सुचवले जाते. परंतु येथे मागणी दानाची नसते. तो हिशेबाची मागणी करीत असतो. एखाद्या शेतकऱ्याने सातबाऱ्यावरची चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातले तर त्याला कोणी लोभी म्हणत नाही. आपल्या शरीरावर जे लिहिले गेले ते सरकारच्या वहीतही लिहिले जावे, एवढीच जखमी माणसाची अपेक्षा असते.

न्यायालयांनी अलीकडच्या काळात हा विचार निवृत्तिवेतनाच्या क्षेत्रात काही प्रमाणात मान्य केला आहे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले आणि २००९ पासून ते काम करू लागले. त्यापूर्वी माजी सैनिकाला उच्च न्यायालयांची पायरी चढावी लागे. २०१३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी ज्याच्या शरीरात दोष नोंदलेला नाही तो सुदृढ होता असे गृहीत धरले पाहिजे, आणि नंतरचे अपंगत्व सेवेमुळे आलेले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर टाकता येणार नाही. डिसेंबर २०१४ च्या दुसऱ्या निकालाने अपंगत्वाच्या टक्केवारीचा लाभ नियत वेळी निवृत्त झालेल्यांनाही दिला. ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० धरायचे, ५० ते ७५ हे ७५ धरायचे आणि त्यावरचे १०० धरायचे, अशी ही पद्धत. दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होनांच्या त्या जुन्या श्रेणीची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. मोजण्याची रीत तीच आहे. मधल्या काळात बदलले ते इतकेच, की तेव्हा मोजणारा जखमीपाशी जात असे आणि आता जखमीला मोजणाऱ्यापाशी, वकील घेऊन, जावे लागते. पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर, हा या साऱ्या निकालांचा गाभा आहे. आणि रेझांग लाहून परतलेल्या जवानांपुढेही तोच प्रश्न होता.

पेटकरांच्या बाबतीत हे ओझे उतरायला दीर्घ काळ लागला. २०१८ च्या प्रजासत्ताकदिनी जाहीर झालेल्या पद्म पुरस्कारांत त्यांचे नाव पद्मश्रीसाठी आले. हायडेलबर्गला तेव्हा शेहेचाळीस वर्षे होत आली होती. दरम्यान भाषाही बदलली होती. पंगू, अपंग, विकलांग या शब्दांच्या जागी सरकारी व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द आला होता आणि २०१६ मध्ये नवा हक्ककायदा झाला होता. जून २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि ज्यांनी त्यांचे नावही ऐकले नव्हते अशा तरुणांना ते माहीत झाले. त्याच वर्षी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये भारतीय खेळाडूंनी ७ सुवर्णांसह २९ पदके मिळवली. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पेटकरांना जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार प्रदान करण्यात आला. त्या वर्षी अर्जुन पुरस्कार मिळालेल्या ३२ खेळाडूंपैकी १७ दिव्यांग होते. १९८२ मध्ये ज्या दाराशी एक माणूस एकटा उभा राहिला होता, त्या दारातून त्रेचाळीस वर्षांनी तो आत गेला तेव्हा त्याच्या बरोबरीने निम्म्याहून अधिक माणसे त्याच्याच वाटेची होती.

या समारंभाला न्याय म्हणावे की सांत्वन, याविषयी मतभेद संभवतात. एका अर्थाने न्याय झाला, कारण नकाराची नोंद मागे पडली आणि ती दुरुस्ती पाहायला माणूस हयात होता. खाशाबांना हे भाग्य लाभले नाही. दुसऱ्या अर्थाने मात्र काही शिल्लक राहते. जीवनगौरव हा संपूर्ण आयुष्याला दिला जातो. पेटकरांनी मागितले होते ते एका ठरावीक कामगिरीसाठी, ३७.३३ सेकंदांसाठी. तो मान वेळेवर मिळाला असता तर ऐन उमेदीच्या वयात एका जखमी जवानाला राष्ट्राचा खेळाडू म्हणवून घेता आले असते आणि खडकीच्या पुनर्वसन केंद्रात, ‘अश्विनी’च्या खाटांवर, देशभरच्या लष्करी रुग्णालयांत कण्यात गोळी घेऊन पडलेल्या पुढच्या पिढीच्या सैनिकांना त्याचे नाव वाटाड्याप्रमाणे उपयोगी पडले असते. विलंबाने मिळालेल्या मानात धन्याचे समाधान असते. या दुसऱ्यांना जे मिळायचे राहून गेले ते मात्र परत देता येत नाही. मान्यतेला उशीर झाला की तिची खरी किंमत अशा अनामिकांनी मोजलेली असते.

म्हणून जखमेच्या नोंदीकडे उपकार म्हणून पाहणे इतिहासाच्या दृष्टीने चुकीचे ठरते. नोंद वेळेवर झाली तर ती व्यवस्था असते, उशिरा झाली तर तो समारंभ होतो. रेझांग लाच्या जवानांना तीन महिने लागले, कारण बर्फाखाली साक्षीदार होते. पेठच्या कारागिराला सहा दशके लागली, कारण त्याच्यासाठी रकाना नव्हता. रकाने आता आहेत, कायदे आहेत, न्यायाधिकरण आहे. तरीही १९७२ सालच्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत मुरलीकांत पेटकर हे नाव नाही, आणि मागाहून दिलेला कोणताही पुरस्कार त्या यादीत ते लिहू शकत नाही.